पाहुण्यांनो, मान खाली!

ऑक्टोबर संपत आला की सॅक्रामेंटोच्या आसपासच्या आमच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "तू त्या बदकांच्या क्लबला जातोस ना, एकदा आम्हाला पण ने की." मग मी सांगायला लागतो की बाबांनो क्लब माझा नाही, मी स्वतःच तिथं पाहुणा म्हणून जातो, आणि पाहुण्याने पाहुणा न्यायचा नसतो, तेवढ्यात विषय दिवाळी फराळाच्या ऑर्डरवर गेलेला असतो. म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकतोय. ज्यांना ऑफिसातल्या कुणी किंवा शेजाऱ्याने खरंच बोलावलंय त्यांनी नीट वाचा, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा.

आधी हे डक क्लब प्रकरण काय आहे ते. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे इकडे कोलुसा, ग्रिडली, विलोज, बट सिंक आणि खाली लॉस बॅनोसच्या बाजूला, थंडीत अलास्का-कॅनडाकडून लाखो बदकं आणि हंस उतरतात. पूर्वी हा सगळा दलदलीचा पट्टा होता, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग शेती नि गावांनी खाल्ला, आणि जो उरलाय त्यातला साधारण दोन तृतीयांश खाजगी मालकीचा आहे, आणि त्यातली बरीचशी मालकी या डक क्लबांची. म्हणजे दहा-वीस जण मिळून पाणथळ जमीन घेतात किंवा भाताची शेतं भाड्याने घेतात, पाणी विकत घेतात, बांध-पाट दुरुस्त करतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथं शिकार करतात. भाताच्या शेतांची गोष्ट पण मजेशीर आहे, १९९१ मधे इथं पेंढा जाळण्यावर निर्बंध आणणारा कायदा आला, तेव्हा शेतकऱ्यांनी कापणीनंतर शेतात पाणी भरून पेंढा कुजवायला सुरुवात केली आणि बदकांना आयतं ताट वाढलं गेलं.

या मेंबरशिपला वर्षाला हजारो डॉलर लागतात, नावाजलेल्या जागी तर विचारूच नका, शिवाय वेटिंग लिस्ट असते आणि जुने मेंबर नव्याला घेताना पारखून घेतात. तर असा माणूस जेव्हा तुम्हाला "ये शनिवारी" म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या वाट्याची एक जागा तुम्हाला देत असतो, आणि बहुतेक क्लबांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असतं की पाहुण्याने जे काही केलं त्याला मेंबर जबाबदार. वॉर्डन (म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा सरकारी अधिकारी) पाहुण्याला पकडतो, क्लब मेंबरला पकडतो. पुढचं सगळं लक्षात ठेवायचा कंटाळा आला तर हे एवढं वाक्य तरी ठेवा.

एक उदाहरण सांगतो. मी जातो त्या क्लबला एका मेंबरचा मेहुणा आला होता, चांगला माणूस, बंदूक पण भारी. पार्किंगमधे वॉर्डन उभा होता, एकदम गप्पा मारत, हवा काय पाणी काय, आणि बोलता बोलता त्याने मेहुण्याची रिकामी बंदूक मागितली, खिशातून डमी काडतुसं काढली आणि खालच्या नळीत सारायला लागला. एक गेलं, दुसरं गेलं, आणि तिसरंही गेलं. झालं. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला फेडरल नियमाप्रमाणे बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसली पाहिजेत, चेंबरमधे एक आणि मॅगझिनमधे, म्हणजे त्या खालच्या नळीत, दोन, आणि त्यासाठी मॅगझिनमधे लाकडाची किंवा प्लास्टिकची दांडी घालतात, तिला प्लग म्हणतात. यांनी उन्हाळ्यात बंदूक साफ करताना प्लग काढला तो घरीच ड्रॉवरमधे. दंड मेहुण्याला झाला ते झालं, पण क्लबच्या बोर्डाचं पत्र आलं ते मेंबरला, आणि उरलेला सीझन त्याचे पाहुणे बंद. मेहुणा बिचारा आपल्या गावी निघून गेला, हा इथं प्रत्येक शनिवारी बाकीच्यांची तोंडं बघत बसला.

तर कागदपत्रं आणि कायदा. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण आपली मंडळी "तो घेऊन चाललाय ना, त्याला माहीत असेल" म्हणून सोडून देतात. नाही. लायसन्स तुमचं, दंड तुमचा.

कॅलिफोर्नियात पहिल्यांदा हंटिंग लायसन्स काढायचं तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करून सर्टिफिकेट लागतं, ते आदल्या रात्री होत नाही. लायसन्स जुलै ते जूनचं असतं, त्यामुळे गेल्या वर्षीचं पाकिटात आहे म्हणून खूश होऊ नका. त्यावर राज्याचं डक व्हॅलिडेशन (म्हणजे लायसन्सवर बदकांसाठीची वेगळी परवानगी), मग एचआयपी नावाचं व्हॅलिडेशन (गेल्या वर्षी किती पक्षी मारले वगैरे विचारतात, दोन मिनिटांचं काम), आणि सोळा वर्षं किंवा त्यावर वय असेल तर फेडरल डक स्टँप. हा स्टँप १९३४ पासून आहे, पहिला एक डॉलरचा होता, आता पंचवीसचा, आणि त्यातले अठ्ठ्याण्णव टक्के पैसे पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात. कागदी स्टँप घेतला तर त्यावर शाईने सही करायची, सही नसेल तर तो स्टँप नाहीच असं धरतात. आता फोनवरचा ई-स्टँपही चालतो पण ब्लाइंडमधे, म्हणजे लपून बसायच्या जागेत, रेंज नसते, तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

जाता जाता, ज्यांना शिकार नको फक्त पक्षी बघायचेत त्यांनीही हा स्टँप घ्यायला हरकत नाही, तो दाखवला की नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमधे (म्हणजे सरकारी अभयारण्यात) वर्षभर फुकट प्रवेश मिळतो. विलोजजवळ हायवे पाचच्या कडेलाच सॅक्रामेंटो रेफ्यूज आहे, गाडीत बसून आख्खा फेरा मारता येतो, आईबाबा भारतातून आलेत आणि थंडीत काय दाखवायचं कळत नाही त्यांच्यासाठी बेस्ट जागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एच-वन-बी, एल-वन, एफ-वन वाल्यांनी कान इकडे करा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे, आणि बाळगणं म्हणजे विकत घेणंच नव्हे, मित्राची बंदूक हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. त्याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. म्हणजे लायसन्स नसताना "अरे फक्त फोटोसाठी धर ना" असं यजमान प्रेमाने म्हणाला तरी नाही म्हणायचं, हसून म्हणायचं पण नाहीच म्हणायचं. त्याला बिचाऱ्याला हा कायदा माहीत असायचं काही कारण नाही, तो इथंच जन्मलाय. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. शंका असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, माझ्या ब्लॉगवर भरवसा ठेवून ग्रीन कार्डची लाइन घालवू नका.

काडतुसांचं. शिसं चालत नाही, अजिबात नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीला आख्ख्या अमेरिकेत १९९१ पासून शिशाचे छर्रे बंद आहेत, कारण तळात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळायची आणि विषबाधा होऊन मरायची. कॅलिफोर्नियात तर २०१९ च्या जुलैपासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही. स्टील, बिस्मथ, टंगस्टन घ्या, बहुतेक जण बारा गेजच्या बंदुकीला (गेज म्हणजे नळीचं माप) स्टीलचे दोन किंवा चार नंबरचे छर्रे घेतात. आणि नुसतं वापरलं नाही म्हणून सुटका नाही, शिकार करताना खिशात सापडलं तरी गुन्हा आहे. त्यामुळे कुणाचं जुनं जॅकेट उसनं घेतलं तर सगळे खिसे उलटे करून बघा.

बाकी फेडरल नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतात, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंतच बार काढायचा, रेकॉर्ड केलेला किंवा स्पीकरवरचा आवाज लावायचा नाही, जिवंत बदकं आमिष म्हणून बांधायची नाहीत (हे १९३५ पासून बंद आहे, त्याआधी लोक खरंच पाळीव बदकं बांधून ठेवायचे). बॅटरीवर पंख फिरणारं नकली बदक मिळतं ते कॅलिफोर्नियात ३० नोव्हेंबरपर्यंत चालत नाही, त्यामुळे नोव्हेंबरमधे भेट म्हणून तसलं काही घेऊन जाऊन यजमानाची पंचाईत करू नका.

पण एक नियम पाहुण्याला हमखास माहीत नसतो तो दाण्याचा. पक्षी यावेत म्हणून दाणे टाकले असतील तर तिथं शिकार करणं गुन्हा आहे, आणि दाणे उचलून नेल्यावरही पुढचे दहा दिवस ती जागा दाणे टाकलेलीच धरतात. कापणी झालेल्या भातात पाणी सोडलं तर चालतं कारण ती नेहमीची शेती झाली, नैसर्गिक उगवलेलं गवत आडवं करून पाणी सोडलं तरी चालतं, पण उभं मक्याचं पीक न कापता आडवं पाडून वर पाणी सोडलं तर नाही चालत. आणि "मी तर पाहुणा, मला काय माहीत" हे उत्तर पुरत नाही, कायद्याचं म्हणणं असं की तुम्हाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. मग विचारायचं कसं? मी आपला भोळेपणाचा आव आणून विचारतो, "यंदा या पाण्यात काय लावलं होतं हो?" शेतीचा विषय काढला की हे लोक अर्धा तास बोलतात, त्यात सगळं कळून जातं आणि कुणाला संशय घेतल्यासारखंही वाटत नाही.

लिमिट. आमच्या पॅसिफिक फ्लायवेत (म्हणजे पश्चिमेकडच्या स्थलांतराच्या पट्ट्यात) दिवसाला माणशी सात बदकं, पण त्याच्या पोटात आणखी लिमिटं, मॅलार्डच्या माद्या दोनच, कॅनव्हासबॅक दोन, रेडहेड दोन. पिनटेलचं तर मधे काही वर्षं दिवसाला एकच होतं, २०२५-२६ च्या सीझनला तीन केलं. हे आकडे बदलत राहतात म्हणून त्या वर्षीचं पत्रक बघूनच जा. पिनटेल म्हणजे आपलं तलवार बदक बरं का, तेच, हुबेहूब तीच जात हिवाळ्यात आपल्याकडे उजनीला, जायकवाडीला, नांदूर मध्यमेश्वरला येते, थापट्या नावाचं बदकपण दोन्हीकडे आहे. पहिल्यांदा कोलुसाच्या बांधावर उभं राहून हे बघितलं तेव्हा मला भिगवणची आठवण आली होती, फक्त इथं पळसनाथाचं देऊळ नाही आणि फिश थाळी पण नाही.

तर लिमिट माणशी असतं, ब्लाइंडमधल्या सगळ्यांचं मिळून नसतं. यजमानाला सात झाली आणि तुम्हाला दोनच, तर त्याने तुमच्या वाटची पाच मारायची नाहीत, आणि तुम्हीही "माझ्या नावावर घ्या" म्हणायचं नाही, आपल्याला त्यात औदार्य वाटतं पण तो सरळ गुन्हा आहे. ज्याची त्याची बदकं वेगळ्या पट्ट्याला लटकवा. तुमची बदकं दुसऱ्याच्या गाडीत, फ्रीजमधे किंवा पिसं काढणाऱ्याकडे ठेवली (ग्रिडली-कोलुसाकडे सीझनमधे पिसं काढून देणारे असतात, पैसे टिच्चून द्या, ते काम घरी करून बघितलंत तर कळेल) तर त्यावर चिठ्ठी लागते, नाव-पत्ता, कुठली किती, तारीख आणि तुमची सही. आणि घरी पोचेपर्यंत एक पिसांसकट पंख किंवा डोकं अंगाला राहू द्यायचं, म्हणजे वॉर्डनला जात ओळखता येते. विकायचं तर अर्थातच नाही.

कायदा झाला, आता क्लबचं. हे कुठे छापलेलं नसतं, किंवा असतं तर क्लबहाउसच्या फ्रीजवर एका कळकट कागदावर असतं.

बहुतेक क्लब बुधवार, शनिवार, रविवार असेच शिकार करतात, मधले दिवस पक्ष्यांना विश्रांती. पहाटे साडेचार-पाचला क्लबहाउसमधे ड्रॉ होतो, कुणी फासे टाकतं, कुणी पत्ते ओढतं, आणि त्या क्रमाने मेंबर आपापला ब्लाइंड निवडतात. ड्रॉला उशीर म्हणजे उरलेली जागा, आणि तुमच्यामुळे उशीर म्हणजे यजमानाची उरलेली जागा. एक लक्षात ठेवा, डिसेंबर-जानेवारीत व्हॅलीत दाट धुकं असतं, हायवे नव्व्याण्णववर पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत, त्यामुळे जीपीएस सांगेल त्यात चाळीस मिनिटं मिळवा. आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार असेल तर युबा सिटीतून जाऊ नका, तिथं शिखांचं मोठं नगर कीर्तन असतं, आख्ख्या देशातून लोक येतात. (एरवी मात्र परतताना मुद्दाम त्याच रस्त्याने या, युबा सिटीत पराठे मिळतात तसे आमच्याकडे मिळत नाहीत.)

ड्रॉच्या वेळी पाहुण्याने तोंड उघडायचं नाही. "मागच्या वेळी तो सहा नंबर मस्त होता" असं तर चुकूनही नाही. यजमानाने ठरवू दे.

आता ब्लाइंड. आमच्याकडे ब्लाइंड म्हणजे पाण्यातल्या मातीच्या उंचवट्यात पुरलेली लोखंडी टाकी, कडेने वेताच्या चटया आणि गवत लावलेलं, आत स्टूल, पडलेले पक्षी आणणाऱ्या कुत्र्यासाठी बाहेर एक फळी. आपण उभे असलो तर छातीपर्यंत जमिनीत. अंधारात कमरेइतक्या पाण्यातून चालत जायचं असतं, पायाखाली काय आहे दिसत नाही, तेव्हा यजमानाच्या बरोब्बर मागून चाला, हेडलॅम्प खाली ठेवा, दुसऱ्या ब्लाइंडच्या दिशेने फिरवू नका. बंदूक रिकामी, ॲक्शन (काडतूस भरायचा भाग) उघडी. आत उतरताना बंदूक हातात घेऊन उतरायचं नाही, एकाने आधी उतरायचं, वरच्याने दोन्ही बंदुका उघड्या करून दाखवून एकेक खाली द्यायची, मग स्वतः उतरायचं. हे सगळं एक शब्द न बोलता होतं, आणि तुम्ही ते नीट केलंत की यजमानाच्या खांद्याचा ताण उतरलेला अंधारातही कळतो. वेळ झाली असं तो म्हणेपर्यंत काडतूस भरायचं नाही, तुमचं घड्याळ काहीही सांगो.

बसल्यावर तो तुम्हाला तुमची बाजू दाखवेल. उजवीकडे बसला असाल तर समोरपासून उजवीकडचं आभाळ तुमचं, डावीकडे पक्षी कितीही सोपा आला तरी नळी तिकडे वळवायची नाही, शेजाऱ्याच्या डोक्यावरून तर कधीच नाही. खाली पाण्यालगत उडणाऱ्यावर नेम धरायचा नाही, कारण कुत्रा तिथंच असतो. कधी उठायचं हे यजमान सांगतो, त्याने सांगेपर्यंत बोट चापापासून लांब आणि सेफ्टी लावलेली.

आणि मान खाली! नव्या पाहुण्याचं सगळ्यात जास्त नुकसान यात होतं. बदकं वरून घिरट्या घालायला लागली की आपण भाबडेपणाने वर बघतो, आणि त्या काळपट गवतात आपला चेहरा पांढरा झेंडा लावल्यासारखा वरून दिसतो (सावळ्या रंगाचाही चमकतो, ट्राय करून झालंय). टोपीची कड खाली ओढायची, पाण्यातल्या सावल्यांवरून अंदाज घ्यायचा, डोळे फिरवायचे पण मान नाही. हे फार अवघड आहे. डोक्यावरून पंखांचा सुई सुई आवाज जातोय, यजमान कॉल (बदकाचा आवाज काढायची शिट्टी) वाजवतोय, तिसरी फेरी, चौथी फेरी, आणि तुम्ही आपल्या बुटांकडे बघत बसलाय. डब्याला फॉइल लावून नेऊ नका, तेही चमकतं. मी चिवडा कापडी पिशवीत नेतो. कॉल वाजवता येत असेल तरी न विचारता वाजवू नका, येत नसेल तर खिशातून काढूच नका.

लांबच्या पक्ष्यांवर बार टाकायचा नाही. पस्तीस-चाळीस यार्डांच्या पुढे स्टीलचे छर्रे पक्ष्याला मारत नाहीत, जखमी करतात, आणि तुमच्या आवाजाने शेजारच्या तीन ब्लाइंडांकडे वळलेले थवे पण उधळतात. क्लबात पाहुण्याची बदनामी सगळ्यात लवकर होते ती यानेच, दुपारी जेवताना कुणीतरी विचारतंच, "सकाळी सव्वासातला कोण आभाळाला भोकं पाडत होतं?" आणि सगळे तुमच्या यजमानाकडे बघतात.

पडलेला पक्षी शोधायचाच, तो कायदा पण आहे आणि नसता तरी शोधला पाहिजे. कुत्रा गेला की बंदुका खाली. त्याला तुम्ही हाका मारायच्या नाहीत, "शाब्बास" पण नाही, तो त्याच्या मालकाचं ऐकायला शिकलेला असतो आणि दोन बाजूंनी हुकूम आले की गोंधळतो. खायला देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांची काळी लॅब्राडोर माझ्या चिवड्याकडे बघून कितीही केविलवाणं तोंड करो, मी देत नाही, मालक देत असेल तर तो देईल.

कधी पायात ॲल्युमिनियमचं कडं असलेला पक्षी मिळतो. कड्यावरचा नंबर सरकारच्या बर्ड बँडिंग लॅबला ऑनलाइन कळवायचा, तिकडून पक्षी कुठे कधी पकडून सोडला ते कळतं. आपल्याकडे बीएनएचएसवाले (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पण कडी घालतात, त्यावर मुंबईला कळवा असं इंग्रजीत कोरलेलं असतं. इथं शिकाऱ्यांना या कड्यांचं भयंकर वेड, गळ्यात माळ करून घालतात. दोघांनी एकाच पक्ष्यावर बार टाकला असेल तर पाहुण्याने कड्यावर हक्क सांगायचा नाही, यजमानाने नाणं उडवू म्हटलं तर उडवा.

रिकामी काडतुसं सगळी वेचा, स्वतःची आणि आधीच्या कुणाची असतील तर तीही. परत कधी निघायचं हे क्लबचं ठरलेलं असतं, मधेच उठून बांधावरून चालत गेलात तर सगळ्यांची सकाळ नासवता.

क्लबहाउसमधे दारू असते, भरपूर असते, पण शेवटची बंदूक रिकामी होऊन केसमधे जाईपर्यंत ग्लासला हात नाही. बूट बाहेर. भांडी घासायला आधी उठा. गेस्ट फी किती ते आधीच विचारा आणि न मागता द्या, क्लब राखणाऱ्या माणसाला वेगळे पैसे द्या, आणि खायला काहीतरी घेऊन जा. मी एकदा कोल्हापुरी तांबडा रस्सा नेला, थोडा सौम्य करून, तेव्हापासून मला कुणी चिप्स आण म्हणत नाही. फोटो काढा पण क्लबचं नाव, गेट, लोकेशन इन्स्टावर टाकू नका, आणि दुसऱ्या मेंबराकडे "पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे जागा आहे का" अशी चाचपणी करू नका, याच्याइतकं वाईट दिसत नाही काहीच.

आपल्यातल्या काहींना मुळात शिकारच पटत नाही. बरोबर आहे, आपण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरची पोरं. त्यात आपल्याकडे पाहुण्यांच्या शिकारी म्हटलं की भरतपूर आठवतं, १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, तिथल्या दगडावर आकडा अजून कोरलेला आहे. तिथं पाहुणा जितका मोठा तितका आकडा मोठा. इथं पाहुणा कुणीही असो, सातच्या पुढे नाही. तरीही पटत नसेल तर येऊ नका, कुणी जबरदस्ती करत नाही, किंवा आधी सांगून नुसते कॅमेरा घेऊन या, पण क्लबहाउसच्या टेबलावर बसून त्यांच्याच हातचं खात त्यांना अहिंसेवर भाषण देऊ नका.

घरी आणल्यावरचं थोडंसं. २०२२ पासून जंगली बदकांत बर्ड फ्लू फिरतोय, तेव्हा साफ करताना हातमोजे घाला, आजारी दिसणारा पक्षी उचलू नका, घरी कोंबड्या किंवा पोपट असतील तर बूट-कपडे त्यांच्यापासून लांब ठेवा. मांस आतून चौऱ्याहत्तर डिग्री सेल्सिअसपर्यंत शिजवा असं सरकार सांगतं, रश्श्यात तसंही होतंच. भातावर पोसलेलं पिनटेल काळ्या मसाल्यात फार सुंदर लागतं, मॅलार्डपेक्षा भारी, थापट्याच्या वाटेला मात्र जाऊ नका, म्हणजे मारलाच तर खावा लागेल आणि मग पश्चात्ताप होईल. पिसं अपार्टमेंटच्या कचऱ्यात उघडी टाकू नका. खाली राहणारी बाई अजून माझ्याशी बोलत नाही, पण तो वेगळा विषय.

आणि परतफेड. व्हिस्कीची बाटली सगळेच देतात. तुम्हाला खरंच पुन्हा बोलावणं यावं असं वाटत असेल तर उन्हाळ्यात वर्कडे कधी आहे ते विचारा. ऑगस्टमधे चाळीसच्या वर पारा असताना मेंबर लोक ब्लाइंडमधला चिखल उपसतात, चटया बदलतात, पाणकणीस कापतात, आणि त्या दिवशी पाहुणे कुणीच येत नाहीत. सकाळी सहाला सुरू करून अकरापर्यंत आटपतात. पाणी भरपूर न्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि हातमोजे स्वतःचे न्या, तिथले उंदरांनी कुरतडलेले असतात.